पुढील आदेश होईपर्यंत

३ सप्टेंबर, मंगळवार

इतिहास मी लिहायचा आहे! ठरलंसुद्धा. आमच्या चर्चला, म्हणजे मंडळीला, पंचवीस वर्षं होताहेत, रौप्यमहोत्सव वीस ऑक्टोबरला, त्याआधी पुस्तिका छापून हवी. बैठकीत मी चहाचे कप गोळा करायला उठले आणि तेवढ्यात समितीतले दंतवैद्य म्हणाले, "बाई रिटायर झाल्यात, स्टेनो होत्या, आणि पहिल्या दिवसापासून आहेत." बसून राहिले असते तर वाचले असते. दंतवैद्यांना कुणी नाही म्हणत नाही. समोरचा तोंड उघडून बसलाय आणि त्याला उत्तर देता येत नाहीये, अशाच माणसांशी बोलायची त्यांना सवय.

पुस्तिकेत तीन भाग. इतिहास, ध्येय, मूल्ये. शेवटचे दोन धाकटे पास्टर देणार, म्हणजे आमच्या पास्टरांचे चिरंजीव. मूल्ये पाचच हवीत म्हणाले. मला सात सुचत होती. "आंटी, पाचाच्या पुढे पडद्यावर मावत नाहीत!" क्षमा आणि धीर या दोघांना त्यामुळे बाहेर बसावं लागणार.

घरी आल्यावर ताईला सांगितलं. ताई अजून घड्याळाच्या जुन्या चर्चमध्ये जाते, जिथे प्रार्थना पुस्तकातून वाचतात आणि कुणी हात वर केला तर पंखा बंद करायचाय असं समजतात. म्हणाली, "आमच्याकडे देव एकदा बोलला, ते छापून झालं. तुमच्याकडे दर रविवारी पुरवणी निघते."

६ सप्टेंबर, शुक्रवार

जुन्या लोकांच्या मुलाखती. पहिल्या दिवशी, आता जिथे उपासना होते त्या गोदामात, आम्ही अकरा जण होतो. आजपर्यंत सतरा जणांना तो दिवस स्वच्छ आठवतोय. एकाचा तर तेव्हा जन्म झाला नव्हता.

झेलणारे काका तासभर बोलले. प्रार्थनेत पास्टर डोक्यावर हात ठेवतात तेव्हा माणसं मागे कोसळतात, त्यांना मागे उभं राहून झेलायचं काम काकांचं. पंचवीस वर्षांत एकालाही पडू दिलं नाही. आता कंबर गेलीय. "माझ्या कंबरेसाठी प्रार्थना झाली की," म्हणाले. "पण तेव्हा मीच मागे पडलो आणि मला झेलायला कुणी नव्हतं. तिथून वाढलं." हे इतिहासात घालू का विचारलं तर घाबरले.

८ सप्टेंबर, रविवार

उपासना अडीच तास. गरम होतं, म्हणून जमिनीतून टायरचा वास वर आला. जागा मुळात टायरचं गोदाम. दोनदा रंग दिला, फरशी घातली, वास हटत नाही. नवीन माणसं सुरुवातीला नाक मुरडतात, मग महिन्याभरात त्यांना वासाशिवाय प्रार्थना लागत नाही.

आज पास्टर अन्य भाषेत बोलले, म्हणजे आत्म्याने भरून तोंडातून आपोआप येते, जगात कुणाचीच नाही अशी भाषा. डोळे मिटलेले, हात वर, मिनिटभर. मग थांबले. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम आहे. कुणी अन्य भाषेत बोललं तर दुसऱ्या कुणीतरी त्याचा अर्थ सांगायचा, अर्थ सांगणारं नसेल तर बोलणाऱ्याने गप्प बसायचं. आमच्या मंडळीत अर्थ सांगणारी मी. पंचवीस वर्षं.

आज सांगितलं, "दमलेल्यांनो, मी तुमच्या मागे उभा आहे." काका मागे रडले. बरं वाटलं.

११ सप्टेंबर, बुधवार

पहिला दिवस लिहायला बसले. चार वेळा कागद फाडला. आता इथे लिहून टाकते, निदान एका ठिकाणी खरं असावं.

मला अन्य भाषेतलं एक अक्षर कळत नाही. कधीच कळलं नाही.

ऑफिसात साहेब अर्धं वाक्य बोलायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. "सदर प्रकरणी... हे... ते आपलं..." आणि खलास. उरलेलं मी पुरं करायची. सही करताना वाचून म्हणायचे, "अगदी! हेच मला म्हणायचं होतं." तीस वर्षं हेच केलं. सोमवार ते शनिवार साहेबांचं, रविवारी देवाचं. लोकांचे चेहरे बघायचे, आठवड्यात कोण आजारी होतं, कुणाचं भांडण झालं ते आठवायचं, आणि जे ऐकायला बरं ते बोलायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण कुणाचं वाईट होईल असं कधी बोलले नाही. उलट चांगलंच झालं. दोन जोडपी परत एकत्र राहू लागली. एकाने दारू सोडली, निदान गोदामापुरती.

आणि पहिला दिवस? आम्ही अकरा जण सकाळपासून जागा शोधत पायी हिंडत होतो. टाळ्या-गाण्यांना घाबरून तीन मालकांनी नाही म्हटलं होतं. माझ्या नव्या चपला चावत होत्या, दोन्ही टाचांना फोड. चौथी जागा हे गोदाम. अंधार, उंदीर, वास. तिथे मध्यभागी उभं राहून पास्टर एकदम अन्य भाषेत बोलले, आमच्यात पहिल्यांदाच. आणि मी म्हटलं, "इथेच. हे माझं आहे." पाचवी जागा बघायला निघालो असतो तर मी रस्त्यात बसकण मारली असती!

त्या वाक्यावर पास्टरांनी लिफ्ट दुरुस्तीची पक्की नोकरी सोडली. त्या वाक्यावर आज दोनशे खुर्च्या आहेत. पुस्तिकेत काय लिहू? "प्रभूने टाचांच्या द्वारे मार्ग दाखवला"?

१४ सप्टेंबर, शनिवार

आज सिस्टरची मुलाखत. हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून सगळे सिस्टर म्हणतात, मंडळीत तशाही सगळ्याच भगिनी. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसते. पूर्वी आमच्या गाण्यांना कीबोर्ड वाजवायची.

तिला विचारलं, मंडळीने तुझ्या आयुष्यात काय केलं? असा प्रश्न धाकट्या पास्टरांनी छापून दिलाय.

म्हणाली, "मला थांबवलं."

मग तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. चार घड्यांचा, घड्यांवर झिजलेला. त्यावर तिच्याच अक्षरात तारीख, एकवीस वर्षांपूर्वीची, आणि खाली एक ओळ: "थांब. पुढील आदेश होईपर्यंत थांब."

ते वाक्य माझं. तिला परदेशी हॉस्पिटलची नोकरी लागली होती, जायला महिना होता. पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अन्य भाषेत बोलले, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात ऑफिसात बदल्यांचा मोसम होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच टाइप करत होते. पुढील आदेश होईपर्यंत, पुढील आदेश होईपर्यंत. तोंडात तेच बसलेलं. आणि खरं सांगायचं तर ती जाऊ नये असं मला वाटत होतं. उपासनेनंतर आम्ही दोघी पायरीवर बसून डबा खायचो. ती गेली तर माझ्या शेजारी कोण बसणार! बस, एवढंच.

मला वाटलं होतं, महिना-दोन महिने थांबेल, मग जाईल. गेली नाही तेव्हा वाटलं, तिचं मन बदललं असेल. मी कधी विचारलं नाही. का विचारलं नाही? कारण ती राहिली होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

"मग आदेश?" मी विचारलं.

"अजून आला नाही," सिस्टर म्हणाली. अगदी साधेपणाने. बस अजून आली नाही असं म्हणावं तसं. "पासपोर्ट दोनदा नवा करून घेतला. लग्नाचंही दोघांनी विचारलं होतं, मावशी. मी म्हटलं, मला कधीही निघावं लागेल, तुमची फसवणूक नको."

"तू कधी बोलली नाहीस!"

"आदेश मागायचा नसतो ना. वाट बघायची असते."

जाताना म्हणाली, वॉर्डाच्या फळ्यावर त्याच परदेशी हॉस्पिटलच्या भरतीची जाहिरात लागलीय. वयाची अट पंचेचाळीसच्या आत. अर्ज पंचवीस ऑक्टोबरपर्यंत. तिला दोन नोव्हेंबरला पंचेचाळीस पूर्ण होतात. "रौप्यमहोत्सवाला येईल असं वाटतंय," म्हणाली. "नाही आला, तर उत्तर नाही असं समजेन आणि पासपोर्ट ठेवून देईन."

१५ सप्टेंबर, रविवार

गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

दंतवैद्यांचा फोन. काल मी नव्हते, म्हणून पास्टर गप्प राहिले, सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. "तुमच्याशिवाय देव अडतो बघा!" हसत म्हणाले.

१८ सप्टेंबर, बुधवार

ताईला सगळं सांगितलं. टाचा, साहेब, सिस्टर, सगळं. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत.

"मला वाटलंच होतं," म्हणाली. "लहानपणी माझा अभ्यासही तूच बोलून दाखवायचीस."

मग पानं बाजूला सारून, "पण चपला कुठल्या गं? लाल पट्ट्याच्या? त्या तर नंतर घेतल्या ना तू?"

ताईला तारखा कधीच लक्षात राहत नाहीत. स्वतःचा वाढदिवसही मला सांगावा लागतो. मी म्हटलं, चपलांचं राहू दे, सिस्टरचं काय करू?

"त्यात काय करायचंय? जाऊन सांग तिला."

"तिचा विश्वास मोडेल."

"तिचा मोडेल की तुझी खुर्ची?" आणि पुन्हा भाजी.

दोन तास तिच्याशी बोलले नाही. साठीला आलेल्या बाईने मोठ्या बहिणीशी कट्टी धरावी!

२४ सप्टेंबर, मंगळवार

पास्टरांकडे गेले. शटर अडकत होतं म्हणून शिडीवर चढून तेल घालत होते. सदुसष्टाव्या वर्षी! लिफ्टवाल्याचा हात, कुठलीही वर-खाली होणारी वस्तू दुसऱ्याला लावू देत नाहीत. प्रवचनातही आपलं वर, खाली, अडकणं, दोर, हेच.

शिडीखाली उभी राहून म्हटलं, "पास्टर, मला अर्थ कळत नाही. कधीच कळला नव्हता. पंचवीस वर्षं मनाचं सांगत आले."

खाली उतरले. हात पुसले. मी तयार होते. रागावतील, वडीलमंडळींसमोर उभं करतील, काढून टाकतील.

"मलाही कळत नाही बाई," म्हणाले.

"काय?"

"मी काय बोलतो ते. पोटातून येतं, आवरत नाही. खरंच येतं, नाटक नाही. पण अर्थ? मला वाटायचं तुम्हाला कळतो! तुम्ही इथेच म्हणालात म्हणून तर मी राजीनामा दिला. बायको म्हणत होती पेन्शनपर्यंत थांबा."

मी मनात म्हटलं, संपलं. पंचवीस वर्षं दोघं एकमेकांच्या भरवशावर, आणि गाडी चालवायला कुणीच नाही.

आणि पास्टरांचे डोळे भरून आले. "म्हणजे बघा," म्हणाले, "मला कळत नव्हतं. तुम्हाला कळत नव्हतं. आणि तरी दोनशे माणसं उभी राहिली! मग केलं कुणी? बाई, याहून मोठा चमत्कार कुठला? हे छापा!"

आता या माणसाला काय म्हणावं? पाप कबूल करायला गेले आणि साक्ष घेऊन परत आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे सुलक्षण निघालं!

मग सिस्टरचं सांगितलं. पास्टर पाय ओढत जाऊन पहिल्या खुर्चीवर बसले. बराच वेळ तेलाच्या डब्याचं झाकण लावत होते, ते लागत नव्हतं.

"हे मात्र छापू नका," म्हणाले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पास्टरांचा निरोप, त्यांच्या पत्नी पाळकीणबाईंच्या हाती. उपाय सापडला म्हणे. रौप्यमहोत्सवाला ते सिस्टरच्या डोक्यावर हात ठेवतील, मी उठून एकच शब्द सांगायचा. "जा." झालं. ती वेळेत अर्ज भरेल, सुखी होईल, कुणाला काही कळायला नको. "झाकली मूठ सव्वा लाखाची," पाळकीणबाई म्हणाल्या.

खरं तर किती सोपं. एक अक्षर. आणि चांगल्यासाठी. मी आजवर बोलले ते सगळं चांगल्यासाठीच होतं.

३० सप्टेंबर, सोमवार

धाकट्या पास्टरांनी मूल्ये पाठवली. पहिलं: सत्य.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवडाभर "जा" हा शब्द तोंडात घोळवतेय. आंघोळ करताना, कुलूप लावताना. आवाज कसा काढायचा ते ठरवलंय. हळू, पण मागपर्यंत जाईल असा.

पण ती एकवीस वर्षं थांबली ती माझ्या सांगण्यावरून. आता जाईल तीही माझ्या सांगण्यावरून. मधे ती कुठे आहे? तिच्या आयुष्याचा अर्थसुद्धा मीच सांगायचा?

मला लाज वाटते. साधी, स्पष्ट लाज वाटते. हे वाक्य पुरं करायला मला कुणी साहेब नको.

९ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं.

हॉस्पिटलात गेले, दुपारची पाळी. वजनकाट्याशेजारच्या बाकावर बसून ती ड्रेसिंगच्या पट्ट्यांच्या घड्या करत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. टाचांचे फोडही, बदल्यांचे आदेशही, पायरीवरचा डबाही. काही सजवलं नाही. तिच्या घड्या चालू होत्या, एकसारख्या, चौकोनी.

"म्हणजे ते तुमच्या ऑफिसातलं वाक्य," ती म्हणाली.

"हो."

"बदलीच्या कागदावरचं."

"हो."

"मी वॉर्डात ते म्हणून पेशंटना धीर देते, मावशी. घाबरलेल्यांना. पुढील आदेश होईपर्यंत थांबा, मी आहे." हसली. ते हसू बघवेना. "दुसरा होता ना, विचारणारा, तो चांगला होता हो. लॅबमध्ये होता. त्याला मुलगी आहे आता. अठराची."

मी माफी मागितली. ऐकली की नाही कळलं नाही. सात नंबरच्या खाटेवरून घंटी वाजली आणि ती उठून गेली. मी पाऊण तास बसून होते. आली नाही. शेवटी दुसरीच नर्स येऊन पट्ट्यांचा ट्रे घेऊन गेली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ताईने काही विचारलं नाही. तीन वेळा चहा केला.

१३ ऑक्टोबर, रविवार

तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. कुणीतरी तिच्यावर छत्री ठेवली होती.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तिका छापून आली. मी दिलेली बावीस पानं धाकट्या पास्टरांनी एका परिच्छेदात बसवलीत. "संस्थापकांना प्रभूचा आवाज ऐकू आला आणि त्यांनी आज्ञापालन केलं." उरलेल्या जागेत खुर्च्यांचा फोटो. ध्येय: हरवलेल्यांना शोधणे. पदरी पडलं पवित्र झालं! स्वच्छतागृहाची किल्ली मात्र महिनाभर सापडत नाहीये.

२० ऑक्टोबर, रविवार. रौप्यमहोत्सव

दोनशे चाळीस माणसं. जास्तीच्या खुर्च्या दंतवैद्यांच्या दवाखान्यातून आणल्या. त्यावर बसलेले आपोआप मागे रेलून आ करत होते.

ती आली! उशिरा, पण आली. छत्री बाजूला करून आपल्या जागी बसली, पर्स मांडीवर. माझ्याकडे पाहिलं नाही. तिला सगळं सांगून झालंय हे मी पास्टरांना कळवलं नव्हतं. धीर झाला नव्हता. त्यांच्या डोक्यात अजून तो "जा"च होता.

शेवटी पास्टरांनी तिला पुढे बोलावलं. गेली. डोक्यावर हात ठेवला. काका मागे उभे, कंबरेला पट्टा बांधून. पास्टर बोलले. किती वेळ ते कळलं नाही, पण एवढं लांब कधी बोलले नव्हते. आवाज फाटत होता, घाम गळत होता. थांबले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दोनशे चाळीस.

उभी राहिले. पास्टर डोळ्यांनी म्हणत होते, एक अक्षर, बाई. फक्त एक.

मी म्हटलं, "मला कळलं नाही."

पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

"मला यातलं काहीच कळलं नाही," पुन्हा म्हटलं, मागपर्यंत जाईल असं. आणि बसले.

कुणीतरी, बहुतेक दंतवैद्य, हळूच म्हणाले, "आमेन." मग सगळेच आमेन म्हणाले! मंडळीचं हेच तर आहे, काहीही सांडलं तरी त्यावर आमेन टाकतात.

सिस्टर मात्र वळली. ती मागे कोसळली नाही, काकांचे हात तसेच पसरलेले राहिले. मधल्या वाटेने सरळ चालत, आपली पर्स उचलून, शटरखालून बाहेर गेली. मी मागे धावले नाही. तिला थांबवायचा हक्क मी वापरून संपवलाय.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी दार वाजलं. सिस्टर! हातात अर्ज. उद्या शेवटचा दिवस.

"टाइप करून हवाय," म्हणाली. "माझ्या अक्षरात नको."

ताईने तिला बसवलं, पाणी दिलं आणि न सांगता आतल्या खोलीत गेली. हे ताईला फार अवघड गेलं असणार.

नाव, शिक्षण, अनुभव. ती सांगत होती, मी टाइप करत होते. मग रकाना आला: पूर्वी निवड होऊनही रुजू न झाल्यास त्याचे कारण. माझी बोटं थांबली. तीही थांबली. खिडकीबाहेर बघू लागली, अगदी साहेबांसारखी.

"तुम्हीच पुरं करा," म्हणाली. "तुम्हाला जमतं."

लागलं. लागायलाच हवं होतं. मी म्हटलं, "नाही. तू सांग. तू सांगशील तेवढंच टाइप करीन."

तिने पर्स मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाली, "लिहा. वैयक्तिक कारण."

लिहिलं. दोन शब्द. तिने वाचून पाहिलं आणि सही केली. दाराशी चपला घालताना म्हणाली, "माफ केलं असं नाही, मावशी. पण डबा आठवतो कधीकधी."

ती गेल्यावर रडले. ताई आतून म्हणाली, "मोठ्याने रड, मला तसंही सगळं ऐकू येतंय."

१० नोव्हेंबर, रविवार

अर्थ सांगायचं काम मी सोडलं. दंतवैद्यांनी घेतलं. देव हल्ली फार लांबलचक बोलतो, आणि अधूनमधून हिरड्यांचा उल्लेख करतो.

मी तरी जातेच. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसते. ताई विचारते, आता कशाला? काय सांगू? टायरचा वास. सवय.

१६ जानेवारी, गुरुवार

सिस्टर गेली आज. निवड झाली होती, कागद झाले होते. निरोपाला बोलावलं नाही, गेल्यावर कळलं. काकांनी सांगितलं. त्यांच्या कंबरेसाठी मलम देऊन गेली.

११ मार्च, मंगळवार

सिस्टरचा निरोप आला, फोनवर, लिहिलेला. दोन महिन्यांनी पहिला.

"मावशी, इथे रविवारी एका गॅरेजात पंधरा-वीस जण जमतात. परवा एक म्हातारे गृहस्थ अन्य भाषेत बोलले आणि कुणीच उठेना. मी उठले. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं, शपथ. मला कळायच्या आत बोलून झालं होतं. तुम्हाला गोदामात पहिल्या दिवशी असंच झालं होतं का? खरं सांगा."

तीनदा उत्तर लिहिलं. तीनदा पुसलं.

त्या नव्या चपला मी गोदाम मिळाल्याच्या पुढच्या महिन्यात घेतल्या. त्या दिवशी माझे पाय दुखत नव्हते.